फ्लॉपीत अडकलेला रोवणा

एक काम करा. हे वाचून झालं की घरातलं सगळ्यात जुनं कपाट उघडा. विम्याच्या पावत्या, पिवळ्या पडलेल्या लग्नपत्रिका आणि बंद पडलेला मोबाइल यांच्या खाली तळहाताएवढी, काळी, चौकोनी वस्तू सापडते का बघा. सापडली तर फेकू नका. आपल्या पिढीला ती फक्त ‘सेव्ह’च्या बटणावरचं चित्र म्हणून माहीत आहे. तिचं नाव फ्लॉपी. आणि तिच्या पोटात काय आहे, हे कदाचित आता घरात कुणालाच आठवत नसेल.

आमच्या मूलच्या घरी दिवाळीच्या साफसफाईत अशा दोन निघाल्या. एकीवर निळ्या शाईनं लिहिलेलं ‘रोवणा १’, दुसरीवर ‘रोवणा २’. अक्षर मोठेबाबांचं.

मोठेबाबा निवृत्त शिक्षक. १९९८-९९च्या सुमारास त्यांनी एक नाद लावून घेतला होता. पावसाळ्यात धानाचा रोवणा सुरू झाला की शाळा सुटल्यावर ते सायकलनं बांध्यांवर जायचे, बाया गात असलेली गाणी ऐकायचे आणि वहीत उतरवायचे. सोबत झाडीबोलीतले शब्दही. तीन वह्या भरल्या. पुस्तक काढायचं म्हणून गावातल्या एका डीटीपीवाल्याकडून सगळं टाइप करून घेतलं. पुस्तक काही निघालं नाही. वह्या वाळवीनं खाल्ल्या. दुकान बंद झालं, तिथं आता मोबाइलचे कव्हर मिळतात. उरल्या त्या या दोन फ्लॉप्या.

‘‘पोरी, तुमचं तं कम्प्युटरचंच शिक्षण हाये ना? मंग काढून दे ना त्यातलं,’’ मोठेबाबा म्हणाले.

मी मास कॉमची विद्यार्थिनी. कम्प्युटरचं शिक्षण म्हणजे रील एडिट करण्यापुरतं. तरी म्हटलं, अर्ध्या तासाचं काम आहे.

तीन महिने लागले. त्या तीन महिन्यांत जे कळलं, ते तुम्हाला सांगायचंय. कारण असं कपाट तुमच्याही घरी असणार.

नागभीडला उतरा

एका मशीनमधली फाईल दुसऱ्या मशीनला का कळत नाही? तुम्ही आपल्या भागातले असाल तर हे समजायला पुस्तक नको. नागभीडचं स्टेशन आठवा.

गोंदिया-बल्लारशा लाइन आधी नॅरोगेज होती. नव्वदच्या दशकात ती ब्रॉडगेज झाली. पण नागभीडहून नागपूरला जाणारा फाटा मात्र नोव्हेंबर २०१९मध्ये रुंदीकरणासाठी बंद होईपर्यंत नॅरोगेजच राहिला. एकीकडे दोन रुळांतलं अंतर १६७६ मिलिमीटर, दुसरीकडे ७६२. मूल-मारोडा स्टेशनवरून रेल्वेनं नागपूरला जायचं तर नागभीडला उतरायचं, पिशव्या उचलायच्या आणि छोट्या गाडीत बसायचं. इंजिन धड, डबे धड, रूळ धड, माणसंही तीच. फक्त माप जुळत नाही.

कम्प्युटरच्या दुनियेतही अशी नागभीडं जागोजागी आहेत. आणि आपल्या जन्माच्या कितीतरी आधी, ऐंशीच्या दशकात, घरगुती कम्प्युटर वापरणाऱ्या पोरांना तर दर घरामागं एक नागभीड होतं.

प्रत्येक मशीनचा वेगळा रूळ

१९८२ साली ब्रिटनमध्ये झेडएक्स स्पेक्ट्रम आला. त्याच वर्षी अमेरिकेत कमोडोर ६४ आला. ही टीव्हीला जोडून घरात वापरायची मशीन. भारतातही त्यांचं वारं पोचलं. डेसिबल्स नावाच्या कंपनीनं परवाना घेऊन स्पेक्ट्रम इथं विकला. १९८४मध्ये सुरू झालेल्या ‘क्लास’ या सरकारी योजनेत निवडक शाळांना बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश कम्प्युटर दिले गेले.

पण यातल्या एकाचा दुसऱ्याशी संबंध नव्हता. स्पेक्ट्रमचे प्रोग्रॅम साध्या ऑडिओ कॅसेटवर असायचे. टेपरेकॉर्डर लावला की किर्रर्र-कूंऽऽ असा आवाज यायचा आणि तो आवाज म्हणजेच प्रोग्रॅम. कमोडोरलाही कॅसेट चालायची, पण त्याचा आवाज वेगळा. कमोडोरच्या फ्लॉपीत जेमतेम १७० किलोबाइट मावायचे आणि तिची लिहिण्याची पद्धत पीसीपेक्षा निराळी. अमिगा नावाचा कम्प्युटर तर पीसीसारखीच साडेतीन इंची फ्लॉपी वापरायचा. ती पीसीत मजेत बसायची, पण पीसीला त्यातलं काहीच वाचता यायचं नाही. उलट तो विचारायचा, ‘फॉरमॅट करू का?’ म्हणजे पुसून टाकू का!

आता विचार करा. १९७८ साली शिकागोत टेलिफोनच्या तारेवरून चालणारा पहिला ‘बुलेटिन बोर्ड’ सुरू झाला. मोडेम लावा, फोन करा, फाईल उतरवून घ्या. म्हणजे डाउनलोड करायची सोय झाली. पण उतरवलेली फाईल शेजारच्या मित्राला द्यायची तर त्याचं मशीन वेगळं. आज आपण ‘अरे, शेअर कर ना’ म्हणतो. तेव्हा या चार शब्दांसाठी रविवार जायचा.

मग पोरांनी काय केलं?

तीन गोष्टी केल्या. तिन्ही आजही कामाच्या आहेत.

पहिली गोष्ट तारेची. कॅसेट किंवा फ्लॉपी जुळत नसेल तर तिचा नाद सोडा आणि दोन कम्प्युटर थेट एकमेकांना जोडा. त्यासाठी सिरीयल पोर्ट असायचा. त्यात एक तार बोलायची, एक ऐकायची. साधी केबल लावली तर दोघंही एकाच तारेवर बोलतात आणि ऐकत कुणीच नाही, आपल्याकडच्या ग्रामसभेसारखं. म्हणून या दोन तारा आतल्या आत उलट्या करायच्या: ह्याचं तोंड त्याच्या कानाला. हिला ‘नल मोडेम’ केबल म्हणतात. दोन्हीकडचा वेगही सारखा ठेवायचा, नाहीतर पलीकडं नुसता कचरा पोचतो.

दुसरी गोष्ट मोजणीची. तारेत खरखर असायची, एखादं अक्षर बिघडायचं. १९७७मध्ये वॉर्ड क्रिस्टेन्सन या अमेरिकी हौशी माणसानं ‘एक्समोडेम’ नावाची पद्धत काढली. फाईलचे १२८ बाइटचे तुकडे करायचे. प्रत्येक तुकड्यातल्या आकड्यांची बेरीज करून तिचा एक छोटा आकडा मागं जोडायचा. पलीकडच्यानं आपली बेरीज करायची. जुळली तर ‘पुढचा पाठव’, नाही जुळली तर ‘तोच परत पाठव’. आपल्या राइस मिलवर धानाचा ट्रक आला की काय होतं? चिठ्ठीवर पोत्यांचा आकडा असतो, उतरवणारा मोजून घेतो. अगदी तेच. १९८१मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात याच कामासाठी ‘कर्मिट’ तयार झाला. एकमेकांशी अजिबात न पटणाऱ्या मशीनमध्ये फाईल नेणं, हाच त्याचा धंदा. नाव ठेवलं ‘मपेट्स’मधल्या बेडकाचं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात आवडली. नेदरलँड्सच्या सार्वजनिक रेडिओवर ‘हॉबीस्कूप’ नावाचा कार्यक्रम लागायचा. त्यात चक्क प्रोग्रॅमचा किर्रर्र आवाज प्रसारित करायचे. लोकांनी तो घरच्या टेपवर रेकॉर्ड करायचा आणि कम्प्युटरला ऐकवायचा. म्हणजे रेडिओवरून डाउनलोड! पण प्रत्येक मशीनचा आवाज वेगळा, मग कुणासाठी प्रसारण करणार? तेव्हा ‘बेसिकोड’ निघालं. कॅसेटवरचा आवाज सगळ्यांसाठी एकच. प्रोग्रॅमची भाषाही सगळ्या मशीनना कळेल इतकीच साधी. आणि प्रत्येक मशीनसाठी एक छोटा दुभाषी प्रोग्रॅम, जो ती सामायिक भाषा घरच्या भाषेत बदलून घेईल.

थोडक्यात, सगळ्यांनी आपापला रूळ तसाच ठेवला, पण मध्ये एक माप ठरवलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

पहिलं दार: वाचता तर येऊ दे

परत आमच्या फ्लॉप्यांकडे. माझ्या लॅपटॉपला फ्लॉपी जाणार कुठून? यूएसबीला लावायचा फ्लॉपी ड्राइव्ह ऑनलाइन मागवला. तो पीसीच्या साध्या फ्लॉप्या वाचतो. अमिगाच्या किंवा जुन्या मॅकच्या फ्लॉप्यांपुढं तो हात टेकतो. त्यासाठी ‘ग्रीझवीझल’सारखं छोटं सर्किट लागतं, जे फाईल न शोधता थेट चकतीवरचे चुंबकाचे चढउतारच टिपून घेतं. नशीब, आमच्या फ्लॉप्या पीसीच्या होत्या.

साडेतीन इंची फ्लॉपीत ८० वर्तुळं, दोन बाजू, प्रत्येक वर्तुळात १८ कप्पे आणि प्रत्येक कप्प्यात ५१२ बाइट. गुणाकार करा: १४,७४,५६० बाइट. तुमच्या फोनमधला एक फोटो यात मावणार नाही. तीन वह्यांतली गाणी मात्र दोन फ्लॉप्यांत आरामात मावली होती.

‘रोवणा १’ सरळ वाचली गेली. ‘रोवणा २’ कर्रकर्र करत मध्येच थांबली. काही कप्पे वाचलेच जाईनात. पंचवीस वर्षांची दमट हवा आणि बुरशी. ‘डीडीरेस्क्यू’ नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे. ते जे वाचता येतं ते आधी उचलून घेतं आणि हट्टी कप्प्यांवर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं. रात्रभर लावून ठेवलं. सकाळी बरेच कप्पे सुटले होते. थोडे नाहीच सुटले. ते थोडे कुठले, हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

दुसरं दार: पेजमेकर

फायली हाती आल्या, पण उघडेनात. त्या पेजमेकरच्या होत्या. २००१मधल्या सातव्या आवृत्तीनंतर पेजमेकरची पुढची आवृत्ती आलीच नाही. इथं एक मजा झाली. मी नवीन सॉफ्टवेअर शोधत बसले होते, आणि चंद्रपूरला लग्नपत्रिका छापणाऱ्या एका दुकानात एक काका पेजमेकरवरच काम करत होते. कोपऱ्यातल्या पिवळट कम्प्युटरकडे बोट दाखवून म्हणाले, ‘‘हा बंद पडला तं माझा धंदा बंद.’’

पेनड्राइव्ह लावला. फाईल उघडली. आणि पडद्यावर स्वच्छ मराठीत गाणी! मी जवळपास ओरडलेच. सगळं निवडून कॉपी केलं, साध्या टेक्स्ट फाईलमध्ये घेतलं, घरी आले, फोनवर उघडलं.

मराठी गायब. नुसती इंग्रजी अक्षरं, अर्धविराम आणि कंस यांची खिचडी.

तिसरं दार: अक्षरंच बनावट

खरं नागभीड इथं होतं.

त्या काळच्या विंडोज ९५-९८वर मराठीची सोय आजच्यासारखी नव्हती. पेजमेकरला एका फॉन्टमध्ये २५६ जागा माहीत, आणि त्या इंग्रजीसाठी आखलेल्या. मग फॉन्ट बनवणाऱ्यांनी युक्ती केली. इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचं चित्र बसवलं. आमची फाईल ‘कृतीदेव’ फॉन्टमध्ये होती. त्यात इंग्रजी ‘ई’च्या जागी ‘म’चं चित्र, ‘डब्ल्यू’च्या जागी दीर्घ ऊकार आणि ‘वाय’च्या जागी ‘ल’. म्हणजे पडद्यावर ‘मूल’ दिसतं, पण फाईलमध्ये लिहिलेलं असतं ई, डब्ल्यू, वाय. कम्प्युटरच्या आकड्यांत १०१, ११९, १२१. मुखवटा काढला की आतून इंग्रजी. झाडीपट्टीच्या नाटकात राजाचा पोशाख उतरवल्यावर आपला शेजारचा काका निघतो, तसं.

आणि प्रत्येक फॉन्टचा मुखवटा वेगळा. श्रीलिपी वेगळी, आकृती वेगळी, सी-डॅकचे योगेश आणि सुरेख वेगळे. एकाच गावातल्या दोन डीटीपी दुकानांत एकमेकांची फाईल वाचता येत नसे. स्पेक्ट्रम आणि कमोडोरचं भांडण आपल्याकडे नव्वदच्या दशकात मराठीतून चालू होतं!

सामायिक माप नव्हतं असं नाही. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे प्रमाण ठरलं होतं, १९९१मध्ये त्याला भारतीय मानक म्हणून मान्यताही मिळाली. युनिकोडनं देवनागरीची मांडणी इस्कीच्याच १९८८च्या आवृत्तीवरून घेतली. पण डीटीपीच्या दुकानात चालायचे ते मुखवटेवाले फॉन्ट. विंडोज २००० ‘मंगल’ फॉन्ट घेऊन आलं आणि हळूहळू युनिकोड घरोघरी पोचलं. आज ‘मूल’ म्हणजे २३५०, २३७०, २३५४. चंद्रपुरात, पुण्यात, न्यू जर्सीत, सगळीकडे तेच. हेच आपलं बेसिकोड.

मग कृतीदेवचं युनिकोड करायचं म्हणजे आकडे बदलायचे, एवढंच ना? नाही. इथं अजून एक गंमत आहे. जुना फॉन्ट डोळ्यांना दिसेल त्या क्रमानं लिहितो. ‘सिंदेवाही’ लिहिताना पहिली वेलांटी डावीकडे दिसते, म्हणून तो आधी वेलांटी लिहितो आणि मग ‘स’. युनिकोड तोंडानं बोलतो त्या क्रमानं: आधी ‘स’, मग वेलांटी. ‘वर्धा’मधला रफार जुन्या फॉन्टमध्ये शब्दाच्या अगदी शेवटी लिहिलेला असतो. युनिकोडमध्ये मात्र ‘र्’ हा ‘ध’च्या आधी येतो, जसा उच्चारात येतो. म्हणून कन्व्हर्टरला नुसतं बदलून चालत नाही, अक्षरं उचलून जागेवर ठेवावी लागतात.

कन्व्हर्टर इंटरनेटवर फुकट मिळतात. मी एक वापरला. दोन सेकंदांत गाणी मराठीत आली. मी मोठेबाबांना फोन केला, ‘‘झालं!’’

झालं नव्हतं

शनिवारी मूलला गेले आणि त्यांना मोठ्यानं वाचून दाखवायला लागले. तिसऱ्या ओळीला त्यांनी हात वर केला, वर्गात करायचे तसा.

‘‘पऱ्हे हाये ते. तू काय वाचून रायली?’’

पऱ्हे म्हणजे धानाची रोपं. त्यातला आडवा ‘ऱ’ हिंदीत नसतो आणि माझ्या कन्व्हर्टरनं तो खाऊन टाकला होता. मी शब्द दुरुस्त करायला फोन काढला, तर फोन आणखी शहाणा. ‘रोवणा’चा ‘रावणा’ केला. ‘बांधी’ची ‘बांधणी’ केली. ‘बोडी’, म्हणजे शेतातलं छोटं तळं, तिची ‘बॉडी’ केली. रोवणाऱ्या बाया बॉडीवर पाणी प्यायला जातात, असं गाणं तयार झालं. मोठेबाबा हसले, पण लगेच गप्प झाले.

तेव्हा मला कळलं. एक्समोडेमची बेरीज बाइट मोजते. फाईल जशीच्या तशी पोचली, एवढंच ती सांगते. त्यातलं गाणं पोचलं की नाही, हे मोजणारी बेरीज अजून निघालेली नाही. त्यासाठी ती बोली ज्याच्या तोंडात आहे असा माणूसच लागतो. त्याच्यासमोर बसून, ओळ न ओळ. आम्ही चार शनिवार-रविवार बसलो. मी वाचायची, ते तपासायचे. ऑटोकरेक्ट बंद.

तुमच्या कपाटासाठी

फ्लॉपी सापडली तर आधी तिच्या कोपऱ्यातली छोटी खिटी सरकवून भोक उघडं करा. म्हणजे तिच्यावर चुकूनही काही लिहिलं जाणार नाही. बुरशी दिसत असेल तर ड्राइव्हमध्ये घालू नका, जाणकाराला दाखवा. कम्प्युटरनं ‘फॉरमॅट करू का’ विचारलं तर ‘नाही’. आधी अख्ख्या फ्लॉपीची जशीच्या तशी प्रत, म्हणजे इमेज, काढा आणि पुढचे सगळे प्रयोग त्या प्रतीवर करा. मूळ फाईल कधीच पुसू नका, उद्या जास्त चांगला कन्व्हर्टर निघेल. फॉन्टचं नाव लिहून ठेवा, निम्मं कोडं तिथंच सुटतं. शेवटी युनिकोडमधली साधी टेक्स्ट फाईल दोन-तीन ठिकाणी ठेवा आणि एक प्रत छापून घ्या. छापलेला कागद वाचायला ड्राइव्ह लागत नाही.

आणि ज्यानं ते लिहिलं किंवा सांगितलं, तो माणूस हयात असेल तर आधी त्याच्याकडे जा.

राहिलेले कप्पे

‘रोवणा २’मधले न सुटलेले कप्पे कुठं होते, ते शेवटी कळलं. तीन गाणी मध्येच तुटली होती. ओळ सुरू व्हायची आणि पुढं नुसते चौकोन. मोठेबाबांना आठवेना. ‘‘मी तं लिहून घेतलं होतं ना. लिहून घेतलं म्हणून इसरलो,’’ ते म्हणाले.

आतून मोठी आई आली. ती लग्नाआधी रोवण्याला जायची, हे मला बावीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. एका गाण्याची तुटलेली ओळ मी वाचली. ती दाराच्या चौकटीला टेकून थोडा वेळ उभी राहिली, मग हळूच पुढचं म्हणाली. अडखळत, दोनदा मागं जाऊन, पण पूर्ण. मी फोनवर रेकॉर्ड केलं आणि लगेच लिहूनही घेतलं.

उरलेली दोन गाणी तिला येत नाहीत. ‘‘ते आमच्या बांधीवरचे नोहोत,’’ ती म्हणाली. मारोड्याकडच्या एक-दोघी जणींना कदाचित येत असतील, असं तिचं म्हणणं. त्यातली एक ऐंशीच्या घरात आहे. पुढच्या रविवारी आम्ही तिघं जाणार आहोत. जाताना मी लॅपटॉप नेणार नाहीये. वही नेणार आहे.